जुजबंदी : हात कुठे चालवायचा आणि कुठे थांबवायचा

खळपुठ्ठा (मूळ लेख)

हाताने केलेल्या कामाबद्दल बोलताना 'संथ' हा शब्द फार सैल वापरला जातो. जणू सगळं सावकाश केलं की वस्तू आपोआप चांगली होते. वही बांधताना तसं होत नाही. घड्या भराभर घालायच्या, टाके तालात घालायचे. रेंगाळत घातलेल्या टाक्यांचा ताण एकसारखा राहत नाही. वेळ लागतो तो ठरावीक चार-पाच जागी, आणि तिथे तो कागद आणि पाणी घेतात. त्या जागा ओळखून तिथे हात आवरणं हेच या कामातलं खरं कसब आहे असं मला वाटतं. म्हणून एका साध्या वहीची पूर्ण कृती मापांसकट लिहितो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

वही: ए५ आकार (१४८ × २१० मिमी), १० जुज (एकत्र दुमडून घडीत शिवायच्या कागदांचा गठ्ठा म्हणजे जुज), प्रत्येक जुजात ए४चे ४ कागद, म्हणजे एकूण ४० कागद, ८० पानं, १६० पृष्ठं. कागद ९० ते १०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम). १२० जीएसएमचा घेतलात तर जुजात ३च कागद ठेवा. जाड कागदाचे चार थर दुमडले की आतलं पान बाहेर सरकतं आणि घडी गोल राहते, धारदार होत नाही.

कागदाची दिशा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेन पाठीला, म्हणजे वहीच्या शिवलेल्या कडेला, समांतर हवा. यात तडजोड नाही. तंतू ओलावा पितात तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो. ग्रेन पाठीला समांतर असेल तर पान मोकळ्या कडेकडे पसरतं, तिथे त्याला जागा आहे. ग्रेन आडवा असेल तर पान पाठीच्या लांबीत पसरू पाहतं, पण तिथे ते टाक्यांनी आणि खळीने (स्टार्च शिजवून केलेल्या चिकीने) जखडलेलं असतं. मग पाठीजवळ लाटा येतात, आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

नेहमी मिळणारा ए४ कागद बहुतेक वेळा लांब बाजूला समांतर ग्रेनचा असतो. तो मधोमध दुमडून ए५ केला की घडी ग्रेनला आडवी पडते. उपाय सोपा आहे: लांब ग्रेनचा ए३ घ्या आणि ४२० मिमीची बाजू मधोमध कापा. जे दोन ए४ मिळतात त्यांचा ग्रेन आखूड बाजूला समांतर असतो, आणि ए५ची घडी बरोबर त्याच दिशेने येते.

घडी. एकेक कागद वेगळा दुमडून मग एकात एक घालण्यापेक्षा चारही कागद एकत्र दुमडा, हाडपट्टीने (घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने) मधून दोन्हीकडे एकदा दाबा. सगळे दहा जुज झाले की दोन फळ्यांच्या मध्ये वजनाखाली रात्रभर. ही पहिली थांबण्याची जागा. ताज्या घडीत हवा असते. ती न काढता शिवलं तर पाठ मोकळ्या कडेपेक्षा बरीच जाड होते आणि वही पाचरीसारखी दिसते.

भोकं. पाठीच्या २१० मिमी उंचीवर खालून मोजून १२, ४५, ५७, ९९, १११, १५३, १६५ आणि १९८ मिमीवर खुणा. दोन्ही टोकांची भोकं गाठीची, मधल्या तीन जोड्या १२ मिमी रुंद सुती फितींसाठी. पुठ्ठ्याची एक पट्टी या खुणांनी भोकं पाडून ठेवा आणि प्रत्येक जुजात तीच धरा. दहा वेळा पट्टीने मोजलं तर दहा वेगळी मापं येतात. जुज अर्धा उघडून इंग्रजी व्हीसारख्या खाचेत ठेवायचा आणि टोचा थेट घडीच्या रेषेत उतरवायचा. भोक सुईपेक्षा मोठं नको. मोठ्या भोकातून पुढे खळ आत झिरपते आणि मधली पानं चिकटतात.

शिवण. लिननचा दोरा, २५/३. पहिला आकडा वाढला की दोरा बारीक, दुसरा आकडा पदरांचा. दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढा, नंतर बोटांमधून ओढून जास्तीचं मेण काढा. पहिल्या जुजात १२च्या भोकातून बाहेरून आत, मागे ८ सेंमी शेपूट सोडून. ४५मधून बाहेर, फितीवरून, ५७मधून आत, असं करत १९८मधून बाहेर. दुसरा जुज वर ठेवा, त्याच्या १९८मधून आत, परत येत १२मधून बाहेर, आणि शेपटाशी दुहेरी गाठ. तिसऱ्यापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन जुजांच्या मधून घालून त्यांना जोडणाऱ्या टाक्याखालून काढायची आणि तयार झालेल्या फाशातून वर ओढायची.

दोरा ओढायचा तो नेहमी पाठीला समांतर, शिवण ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने. स्वतःकडे ओढला की भोकापासून घडी फाटते, आणि फाटल्याचा आवाजही येत नाही. एकूण दोरा साधारण सव्वादोन मीटर लागतो, पण एका वेळी ८०-९० सेंमीच घ्या. लांब दोरा प्रत्येक भोकातून घासत जातो आणि शेवटी पिंजतो. जोड विणकरी गाठीने द्या, गाठ जुजाच्या आत ठेवा.

पाठ. आधी अस्तराचा (वही कव्हरला जोडणारा) दुमडलेला कागद पुढे-मागे ३ मिमी खळीने चिकटवा. मग वही ठोकून वरची कड आणि पाठ सरळ करा, दोन फळ्यांत दाबा आणि पाठीवर पातळ खळ बोटाने जुजांच्या फटीत भरा. पुसून काढा. वर थर दिसता कामा नये. सुकल्यावर जाळीचं कापड: उंचीत दोन्हीकडून ५ मिमी आखूड, रुंदीत प्रत्येक बाजूला २५ मिमी जास्त. त्यावर पाठीच्या मापाची क्राफ्ट पेपरची पट्टी, ग्रेन उभा.

पुठ्ठे २ मिमीचे, ग्रेन उभा. उंची २१६ (वर ३, खाली ३). रुंदी १४६: वहीची १४८, त्यातून पाठीकडे सांध्यासाठी ५ वजा, मोकळ्या कडेला ३ जास्त. पाठीची पट्टी वहीच्या जाडीइतकी, इथे १२ मिमी येईल. पुठ्ठा आणि पट्टी यांच्यात ७ मिमी सांधा, म्हणजे कव्हर वळायची मोकळी जागा. कापड चारही बाजूंनी १५ मिमी जास्त.

कव्हर चढवण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण बहुतेक वह्या तिथे बिघडतात.

टाकेवाली

फार उपयोगी लेख. एक दुरुस्ती: पाठीची पट्टी १२ मिमी धरलीत तर कव्हर बसणार नाही. पुठ्ठे वहीच्या दोन्ही बाजूंना *बाहेरून* बसतात, त्यामुळे सपाट पाठीला पट्टी वहीची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी, म्हणजे १२ + ४ = १६ मिमी हवी. १२ ठेवली तर सांधा ताणला जातो, पुठ्ठे पाठीकडे ओढले जातात आणि मोकळ्या कडेचे ३ मिमी नाहीसे होतात.

मग कापडाचं माप असं: १४६ + ७ + १६ + ७ + १४६ = ३२२, अधिक ३० = ३५२ मिमी रुंद; उंची २१६ + ३० = २४६ मिमी.

आणि जाडी कागदावर आकडेमोड करून काढू नये. शिवून, पाठ वाळल्यावर, वही हलकी दाबून मोजावी. दोऱ्याचा फुगवटा आधी नेमका सांगता येत नाही.

खळपुठ्ठा

टाकेवाली, बरोबर, ती चूक माझीच. पट्टी १६ मिमीच हवी. मूळ लेखातला आकडा तसाच ठेवतो, म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ कळेल. वाचणाऱ्यांनी १६ धरावं.

टाकेवाली

फुगवट्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर. प्रत्येक जुजाच्या घडीत दोऱ्याचा एक पदर जास्त बसतो. दोरा ०.५ मिमी आणि जुज १० असतील तर दाब न देता ५ मिमी फुगवटा. दाबून यातला बराच कमी होतो, पण जुज वाढत गेले की हिशेब हाताबाहेर जातो. ३० जुजांना तोच दोरा वापरला तर तो १५ मिमी. म्हणून जुज जास्त तर दोरा बारीक. जुज कमी आणि जाड तर दोरा जाड.

थोडा फुगवटा मात्र हवाच. जाड पुस्तकाची पाठ गोल करायची असेल तर हाच फुगवटा गोलाई धरून ठेवतो. अजिबात नसेल तर ठोकून आणलेली गोलाई काही दिवसांत सपाट होते आणि पुढे आत वळते.

टाक्यांचा ताण तपासायचा असेल तर तीन-चार जुज झाल्यावर वही टेबलावर ठेवून वरचा जुज अंगठ्याने पाठीला समांतर सरकवून पाहा. सरकला तर सैल. वरची पानं उघडताना मधोमध उभी राहत असतील तर आवळ. सैल टाका नंतर खळीने भरून निघत नाही. खळ फट भरते, ताण देत नाही.

पाय_मोजणी

ग्रेन ओळखण्याच्या रीती लिहायच्या राहिल्या आहेत.

१. कागद न मोडता अलगद वाकवा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ज्या बाजूने कमी विरोध जाणवतो त्या वाकाला समांतर ग्रेन.

२. पातळ कागदात हाताला फरक कळत नाही. तेव्हा एकाच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, १५ × १५० मिमी, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून टोकाला चिमटीत धरा. एकदा ही वर, एकदा ती वर. जी पट्टी जास्त लोंबते तिच्यात ग्रेन आडवा आहे.

३. लहान तुकडा एका बाजूने ओला करा. तो गुंडाळी करतो. गुंडाळीच्या नळीची दिशा तीच ग्रेनची.

पुठ्ठ्यालाही पहिली रीत चालते, फक्त मोठ्या तुकड्यावर करा. कापून झालेल्या पुठ्ठ्यावर ग्रेन कळणं अवघड जातं, म्हणून कापण्याआधीच पूर्ण तावावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

पुठ्ठा कापण्याबद्दलही सांगतो. २ मिमीचा पुठ्ठा एका दमात कापायला जाऊ नका. पहिले दोन हात फक्त रेघ पाडण्यापुरते, जवळजवळ वजन न देता. ती रेघ पुढच्या हातांना वाट दाखवते. मग सात-आठ हात मध्यम दाबाने. सुरुवातीलाच जोर लावला की पातं पट्टीला ढकलतं, पट्टी अर्धा मिमी सरकते आणि कड तिरकी होते. पातं काटकोनात आहे का ते वरून पाहून कळत नाही, कापलेली कड उभी धरून पाहा. बोथट पात्याने जोर जास्त लागतो, जोराने चूक होते. पातं बदलायला कचरू नये.

यंत्रबांधणी

विरोधासाठी विरोध नाही, पण एक बाजू मांडतो. छापखान्यातलं यंत्रही जुज शिवतं. दोऱ्याने शिवलेलं यंत्राचं पुस्तक सपाट उघडतं, अनेक दशकं टिकतं, आणि टाक्यांचा ताण हातापेक्षा एकसारखा असतो. मग 'हाताने केलं म्हणून चांगलं' हे कशाच्या जोरावर? जे पुस्तक वाईट असतं ते न शिवता चिकटवलेलं. त्यात जुजांच्या घड्याच कापून टाकतात, पाठ खरवडतात आणि सुट्या पानांच्या कडा गरम गोंदात बसवतात. त्या पुस्तकाचं पान गळतं, कारण त्याला धरून ठेवायला २ मिमीदेखील कागद नसतो, फक्त कडेची जाडी. गोंद जुना होऊन कडक झाला, पुस्तक जोरात उघडलं, की पाठ तडकते. दोष यंत्राचा नाही, रचना तशी निवडली गेली याचा आहे.

खळपुठ्ठा

पूर्ण सहमत, आणि हा मुद्दा इथे यायलाच हवा होता. हात विरुद्ध यंत्र असं भांडण लावून काही मिळत नाही.

डेव्हिड पाय या ब्रिटिश लाकूडकारागिराने १९६८ मध्ये एक भेद मांडला, तो इथे कामाचा आहे. एक कारागिरी खात्रीची: साचा, यंत्र, जिग (अवजार नेमक्या जागी नेणारी चौकट) यांनी निकाल काम सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. दुसरी जोखमीची: काम संपेपर्यंत दर क्षणी ते बिघडू शकतं, आणि निकाल करणाऱ्याच्या लक्षावर, अंदाजावर, हातावर अवलंबून असतो. हाताच्या कामातही खात्री आणता येते. भोकांसाठी पुठ्ठ्याची पट्टी करतो ती खात्रीच. चांगला कारागीर जिथे जमेल तिथे जोखीम कमी करतो आणि उरलेली जोखीम जिथे आहे तिथे सगळं लक्ष देतो.

मग हाताचा फायदा कुठे? हात प्रत्येक वहीला वेगळं उत्तर देऊ शकतो. या वहीचा कागद मऊ आहे, दोरा बारीक घेऊ. आज हवा दमट आहे, खळ घट्ट ठेवू, टिपकागद लवकर बदलू. यंत्राला हजार प्रतींसाठी एकच मांडणी लागते.

दुरुस्तीकाम

दुसरा फायदा दुरुस्तीचा. काळजीपूर्वक बांधलेलं पुस्तक *उलगडता* येतं. खळ पाण्याने सुटते, दोरा कापता येतो, फीत बदलता येते, आणि तेच जुज पुन्हा त्याच भोकांतून शिवता येतात. घड्याच कापून टाकलेल्या पुस्तकात परत जायला जागा उरत नाही.

४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. त्यानंतरच्या बचावकामातून पुस्तकसंवर्धनाचं आजचं शास्त्र बरंचसं घडलं. त्यात एक गोष्ट लक्षात आली: मऊ चर्मपत्राच्या, कडक पुठ्ठे नसलेल्या आणि चिकटवण्यापेक्षा शिवणीवर आणि बंदांवर भिस्त असलेल्या साध्या बांधण्या पुरातून फार चांगल्या बाहेर आल्या. ज्या बांधण्यांत चिकट पदार्थांवर भार होता त्यांचं जास्त नुकसान झालं.

आणखी जुनं उदाहरण म्हणजे ब्रिटिश लायब्ररीत असलेलं सेंट कथबर्ट गॉस्पेल. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, १३८ × ९२ मिमीचं, खिशात मावेल एवढं पुस्तक. लाकडी फळ्या, वर लाल रंगवलेलं चामडं, आणि मूळ बांधणी अजून शाबूत. त्यात फीत किंवा दोरी यांचा आधार नाही, जुज एकमेकांत साखळीने गुंफलेले आहेत. बाराशे वर्षांहून जास्त काळ.

पाय_मोजणी

दुरुस्तीकाम, खळ की पीव्हीए (पांढरा कृत्रिम गोंद) यावर तुमचं मत लिहा ना. दोन्ही बाजूंनी ठाम मतं ऐकायला मिळतात.

दुरुस्तीकाम

आधी गुण-दोष. पीव्हीए काही मिनिटांत पकडतं, पाणी कमी असल्याने कागद कमी ताणला जातो, वाळल्यावर लवचीक राहतं. पण एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही. घरगुती पांढऱ्या गोंदातून काळाच्या ओघात आम्ल सुटू शकतं, म्हणून पुस्तकांसाठी असलेलं उदासीन पीएचचंच घ्यावं. खळ हळू पकडते, त्यामुळे कापड सरकवून नेमकं बसवता येतं, आणि शंभर वर्षांनी कोणाला सोडवायची असेल तर ओल देऊन सोडवता येते. दोष: पाणी जास्त, वाळायला वेळ, ओल राहिली तर बुरशी.

जपून ठेवायच्या पुस्तकाच्या पाठीवर पहिला थर नेहमी खळीचा द्यावा. त्यावर हवं तर पीव्हीए. मग पुढे कोणी दुरुस्तीला बसलं तर खालची खळ ओली करून वरचं सगळं एकदम उचलता येतं. कापड चिकटवायला दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून वापरता येतं: पकडायला वेळही मिळतो आणि पाणीही बेताचं राहतं.

आता खळीची कृती. मैद्यापेक्षा गव्हाचं स्टार्च घ्या. मैद्यात ग्लूटेन असतं, त्याने चिकटपणा वाढतो, पण रंग लवकर बदलतो आणि किडीला आमंत्रण मिळतं.

१ भाग स्टार्च, ५ भाग पाणी, मापाने. थंड पाण्यात कालवून अर्धा तास भिजू द्या. मग मंद आचेवर, सतत ढवळत. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास कण फुगायला लागतात आणि मिश्रण एकाएकी घट्ट होतं. इथे बहुतेक जण थांबतात, आणि तिथेच खळ कच्ची राहते. अजून २० मिनिटं तरी ढवळत राहा. दुधासारखा पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी अर्धपारदर्शक आणि तकतकीत दिसायला लागते, चमच्यावरून जाड पट्टीसारखी सुटते. तेव्हा झाली. कच्ची खळ वाळल्यावर पावडरीसारखी सुटून येते.

गार होऊ द्या. गार झाल्यावर ती वडीसारखी बसते. बारीक चाळणीतून ब्रशने दाबून दोनदा गाळा, मग हवं तेवढं पाणी एकेक चमचा घालून सैल करा. पुठ्ठ्यावर कापड लावायला दह्यासारखी घट्ट, पातळ कागदाला दुधाच्या सायीइतकी सैल. थंड जागी तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला किंवा पाणी वेगळं सुटलं की टाकून द्या.

टाकेवाली

यात एक भर: कापड कोणतं हे पाहा. बांधणीच्या कापडाला मागून कागद लावलेला असतो किंवा विणीच्या फटी भरलेल्या असतात. साधं सुती कापड थेट लावलं तर खळ विणीतून वर येते आणि वाळल्यावर डाग दिसतात. साध्या कापडाला आधी मागून पातळ जपानी कागद खळीने लावून, फळीवर ताणून वाळवून घ्या.

खळपुठ्ठा

आता राहिलेलं: कव्हर करणं आणि चढवणं.

कोपरा. कापडाचा कोपरा ४५ अंशात छाटायचा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून किती अंतरावर हे महत्त्वाचं. पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे इथे ३ मिमी. त्याहून जवळ छाटलं तर दुमडल्यावर पुठ्ठ्याचं राखाडी टोक उघडं पडतं. लांब छाटलं तर कोपऱ्यात गोळा होतो. आधी वरची आणि खालची पट्टी दुमडा. मग कोपऱ्यावर जो छोटा कान उभा राहतो तो हाडपट्टीच्या टोकाने आत, पुठ्ठ्याच्या कडेला घट्ट दाबा, तिरका. त्यानंतरच मोकळ्या कडेची पट्टी त्यावर आणा. कान दाबायचा राहिला तर कोपऱ्याला कापडाची बारीक चोच दिसते.

तयार कव्हर वजनाखाली वाळू द्या, निदान दोन-तीन तास. ओल्या कव्हरवर वही चढवू नका.

चढवणं. वही कव्हरमध्ये ठेवून तिन्ही बाजूंचे ३ मिमी सारखे करा. अस्तराच्या वरच्या पानाखाली रद्दी कागद सरकवा. जाळीच्या कापडाची बाजू आणि फिती पानावर आडव्या टाका, त्यांच्याखाली थोडी खळ. मग पूर्ण पानावर खळ, मधून बाहेरच्या दिशेने. बाहेरून आत ब्रश नेला की खळ कडेखाली जाते आणि पुढचं पान चिकटतं. रद्दी कागद काढा. आता पुठ्ठा वरून खाली आणून बंद करा. पानाला उचलून पुठ्ठ्यावर लावू नका, पुठ्ठ्याला पानावर आणा. बंद केल्यावर उघडून बघायचा मोह होतो. बघू नका. ओलं अस्तर सांध्यात ताणलेलं असतं, उघडलं की सुरकुती पडते ती कायमची.

दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही अस्तरांच्या आत एकेक टिपकागद. सांध्यात ३ मिमी जाडीच्या विणकामाच्या सुया. दोन फळ्या, वर भरपूर वजन. १० मिनिटांनी टिपकागद बदला, तासाने पुन्हा, चार तासांनी पुन्हा. मग २४ तास हात लावू नका. हवा दमट असेल तर ४८.

यंत्रबांधणी

पुठ्ठे वाकण्याचं कारणही लिहा. ही तक्रार सगळ्यात जास्त असते.

दुरुस्तीकाम

पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना ओढाताण चालू असते. बाहेरचं कापड ओलं असताना पसरतं, तसंच चिकटतं, वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला बाहेरच्या बाजूला ओढतं. आतलं अस्तर वाळताना आत ओढतं. दोन्ही ओढी सारख्या असल्या की पुठ्ठा सरळ. म्हणून कव्हर नुसतं वाळल्यावर पुठ्ठे किंचित बाहेर वाकलेले दिसले तर घाबरायचं कारण नाही, अस्तर त्यांना परत आणतं.

चढवून, पूर्ण वाळल्यावरही कडा वहीपासून दूर जात असतील तर बाहेरची ओढ जास्त आहे. उपाय चढवण्याआधीच करायचा असतो: पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला एक साधा कागद, ग्रेन उभा, खळीने लावून वाळू द्यायचा. कडा वहीकडे किंचित झुकत असतील तर तसंच ठेवा, वही बंद राहायला ती मदतच आहे.

वाक कोणत्या दिशेचा हे नीट पाहा. पुठ्ठा पाठीला समांतर नळीसारखा वाकला असेल तर ओढींचा समतोल चुकलाय. वरची आणि खालची कड उचलली जात असेल, म्हणजे नळी आडवी असेल, तर कापड, पुठ्ठा किंवा अस्तर यांपैकी कशाचा तरी ग्रेन आडवा लागलाय. पहिल्याला उपाय आहे. दुसऱ्याला कव्हर काढून नवं करणं एवढाच.

पाय_मोजणी

कागद निवडण्याबद्दल थोडक्यात. यांत्रिक लगद्याच्या कागदात लिग्निन (लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा घटक) राहतं, तो उजेडात पिवळा पडतो. एकोणिसाव्या शतकापासून तुरटी आणि राळ वापरून, शाई फुटू नये म्हणून, कागदावर प्रक्रिया करत असत, त्याने कागद आम्लधर्मी झाला आणि ठिसूळ झाला. त्या काळातली पुस्तकं हाताळताना पानं तुटतात ती यामुळे. टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९७०६ आहे. त्यात आम्ल शोषून घेण्यासाठी निदान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा कागदात असावा अशी अट आहे. वेष्टनावर हा आकडा छापलेला असेल तर निश्चिंतपणे घ्या. एवढी शिवण नीट घालायची आणि कागद तीस वर्षांत तुटणारा, हे योग्य नाही.

टाकेवाली

खळपुठ्ठा, शेवटचा एक प्रश्न जो नव्याने करणारे नक्की विचारतील: पहिल्यांदा उघडायची कशी?

खळपुठ्ठा

पाठ टेबलावर टेकवा, वही उभी धरा. दोन्ही पुठ्ठे आधी खाली सोडा, सांधा बोटाने हलका दाबा. मग पुढून आठ-दहा पानं टेबलावर उलगडा आणि पाठीजवळ अंगठा फिरवा, मग मागून तेवढीच, पुन्हा पुढून, असं दोन्हीकडून मध्यापर्यंत. एकदम मधोमध उघडली तर सगळा ताण एकाच जुजावर येतो आणि पाठीचं अस्तर तिथे मोडतं. पाठीवर कान ठेवून ऐका. कागद कुरकुरण्याचा आवाज चालेल, तडकल्याचा आला तर खळ अजून ओली आहे किंवा थर जाड झालाय. ओली असेल तर वही पुन्हा दाबाखाली ठेवून आणखी एक दिवस थांबा.